पहिला नंबर कुणाचा? एका सांख्यिकी निबंधाचं वाचन



दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक ओळ हमखास असते. कोकण विभाग अव्वल. नऊ विभागांची उतरंड लावलेली असते, वर कोकण, आणि बऱ्याच वर्षी तळाला नागपूर. आपण चहा पिता पिता ती वाचतो आणि मनात एक वाक्य तयार होतं, की कोकणातल्या शाळा चांगल्या आणि विदर्भातल्या वाईट. वाक्य तयार करायला आपल्याला काहीही कष्ट पडत नाहीत. आजचं व्याख्यान त्या न पडलेल्या कष्टांबद्दल आहे.

आधी आकडे बघू. मार्च २०१९च्या दहावीत कोकणचा निकाल होता ८८.३८ टक्के आणि नागपूरचा ६७.२७. अंतर एकवीस टक्क्यांचं. मार्च २०२४मध्ये कोकण ९९.०१ आणि नागपूर ९४.७३. अंतर सव्वाचार टक्के. क्रम तोच, वरचा वर आणि खालचा खाली. मग पाच वर्षांत नागपूर विभागाने सतरा टक्क्यांची दरी बुजवली का? तिथल्या शिक्षकांचा सत्कार करायला हवा होता, पण कुणी केल्याचं ऐकिवात नाही. कारण सगळ्यांना आतून माहीत होतं की दरी बुजलेली नाही, मोजपट्टी बदललेली आहे. २०१९ला भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१वरून एकदम ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३०वर गेला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही झाला नव्हता, तोही हिशेब त्यात धरायला हवा. तरीसुद्धा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रातले सगळे मास्तर एका वर्षात बारा टक्क्यांनी बिघडले आणि पुढल्या वर्षी अठरा टक्क्यांनी सुधारले, असं कुणी म्हणेल काय?

जी पट्टी सगळ्यांनाच नव्व्याण्णवच्या आसपास नेऊन ठेवते, तिच्यावर उंची मोजता येत नाही. छत इतकं खाली आहे की सगळ्यांचीच डोकी टेकलेली. पण क्रमांक मात्र लावता येतो! क्रमांकाला अंतराची पर्वा नसते. पहिला आणि दुसरा यांच्यात एकवीस टक्के असोत की एकवीस शतांश, तो पहिला आणि हा दुसरा. क्रमांकाचा हा गुण आहे आणि लबाडीही हीच आहे.

आज आपण ज्या लेखनाची चिकित्सा करणार आहोत, तो निबंध १९९६ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. लेखक दोन. हार्वे गोल्डस्टीन, शिक्षणातल्या मोजमापावर आयुष्य घालवलेला माणूस, २०२०मध्ये गेला. आणि डेव्हिड स्पीगलहाल्टर, वैद्यकीय आकडेवारीतला. विषय होता संस्थांच्या कामगिरीची तुलना आणि तिच्या मर्यादा. त्या सोसायटीची एक जुनी आणि फार चांगली रीत आहे. निबंध सभेपुढे वाचायचा, लोकांनी त्याची उलटतपासणी करायची, आणि ती सगळी चर्चा निबंधाच्या जोडीने छापायची. आपल्याकडच्या वादसभांची आठवण व्हावी अशी. म्हणून हा निबंध एकट्याने वाचू नये, मागची चर्चा धरून वाचावा.

पार्श्वभूमी थोडक्यात. इंग्लंडात जॉन मेजर यांच्या सरकारने १९९२पासून शाळांच्या निकालांच्या याद्या जाहीर करायला सुरुवात केली. कल्पना अशी की पालक हे गिऱ्हाईक, शाळा हे दुकान, यादी म्हणजे भावफलक. अमेरिकेत त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंचे रुग्णालयवार आकडे जाहीर होऊ लागले होते, आणि ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने कोर्टात जाऊन १९९१मध्ये एकेका सर्जनचे आकडेही बाहेर काढले. निबंधात शाळाही आहेत आणि हे सर्जनही आहेत. दोघांना एकाच तागडीत घालणं हेच त्याचं पहिलं धाडस.

त्याचं म्हणणं काय आहे? पहिलं म्हणजे, निकालाचा आकडा एकटा कधी सांगू नका, त्याच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितता सांगा. हे ऐकायला साधं वाटतं, म्हणून आपण एक हिशेब करू. समजा एका तालुक्यातल्या सगळ्या शाळा अगदी सारख्या आहेत. कोणत्याही शाळेत कोणताही मुलगा पास होण्याची शक्यता शंभरात चौऱ्याण्णव. आता एक शाळा आहे पंचवीस मुलांची. सगळेच्या सगळे पास होण्याची शक्यता किती? चौऱ्याण्णव शतांश हा आकडा पंचवीस वेळा स्वतःशी गुणा. साधारण एकवीस टक्के येतात. म्हणजे अशा दर पाच लहान शाळांतल्या एकीचा निकाल शंभर टक्के लागणार, केवळ योगायोगाने. आणि तीन किंवा जास्त मुलं नापास होऊन निकाल ८८ किंवा त्याच्या खाली जाण्याची शक्यता? एकोणीस टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे पाचांतली दुसरी एक शाळा बदनाम. शिक्षक तेच, शिकवणं तेच. आता अडीचशे मुलांची मोठी शाळा घ्या. तिचा निकाल साधारण ९१ ते ९७च्या मध्ये फिरत राहील, शंभर टक्के तर तिला जवळपास अशक्य. मग यादी लावली की काय दिसेल? वरही लहान शाळा, तळालाही लहान शाळा, मध्ये मोठ्या. वरच्यांकडे बघून कुणी म्हणेल, लहान शाळाच उत्तम. खालच्यांकडे बघून कुणी म्हणेल, लहान शाळा बंद करा. दोघेही एकाच नाण्याच्या उडण्याला तत्त्व समजत आहेत.

मग कोकणचं काय, असं तुम्ही विचाराल. तो विभागही लहानच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे. पण तिथे हा युक्तिवाद चालत नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. परीक्षार्थी पंचवीस हजारांच्या वर असले की योगायोगाचा खेळ अर्ध्या टक्क्याच्याही आत येतो. कोकण आणि नागपूर यांच्यातला फरक नशिबाचा नाही. तो खरा आहे. मात्र तो कशाचा फरक आहे, हे त्या आकड्यात लिहिलेलं नाही.

इथे निबंधाचं दुसरं म्हणणं येतं. शाळेत आलेली मुलं काय घेऊन आली होती, हे न बघता ती काय घेऊन गेली याची तुलना करू नका. पाचवीत आलेल्या मुलाची तयारी, घरची परिस्थिती, हे सगळं हिशेबात धरून मग शाळेने भर किती घातली ते काढा.

आमच्या विषयात यासाठी फार जुना शब्द आहे. न्यायदर्शनात त्याला उपाधी म्हणतात. पदवीच्या अर्थाने नव्हे हं. नैयायिकांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान ठीक. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चुकतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. कारण धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. अग्नी आणि धूर यांच्या संबंधात हे ओलं सरपण लपून बसलेलं असतं. ते लपलेलं सरपण म्हणजे उपाधी. उदयनाचार्य आणि गंगेश यांच्या परंपरेने यावर केवढा काथ्याकूट केला आहे! आता बघा, शाळा चांगली म्हणून निकाल चांगला, या अनुमानातलं ओलं सरपण कोणतं? पालकांचं शिक्षण, क्लासची फी, घरात अभ्यासाला मिळणारी जागा, आणि शाळेने दाराशीच कुणाला घेतलं नि कुणाला परत पाठवलं.

पण नैयायिकांना जी अडचण छळत होती तीच गोल्डस्टीनना छळते. सापडलेली उपाधी काढून टाकता येते. न सापडलेलीचं काय? सगळ्या उपाधी निघाल्या, अशी खात्री कोण देणार? सांख्यिकी तिथे हात टेकते, आणि निबंधाचं मोठेपण हे की तो हात टेकल्याचं कबूल करतो. अशी सगळी दुरुस्ती केल्यावरही बहुतेक शाळांच्या अनिश्चिततेचे पट्टे एकमेकांवर पसरलेले राहतात. कुठल्याही दोन शाळा उचला, बहुतेक जोड्यांत ही सरस आणि ती निरस असं खात्रीने म्हणता येत नाही. वरचं टोक आणि खालचं टोक वेगळं करता येतं, मधला सगळा घोळका आहे. आणि वर्तमानपत्र त्या घोळक्याला ३७वा, ३८वा असे नंबर देतं.

भाजक चुकला तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण सांगतो, कारण त्यात नाव मोठं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. त्यांच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकाच्या १८६३च्या आवृत्तीत एक तक्ता आहे, आकडे विल्यम फार यांच्या कचेरीतले. लंडनमधल्या २४ रुग्णालयांत १८६१ साली मृत्यू ३,८२८, रुग्ण ४,२१४, मृत्यूचं प्रमाण ९०.८४ टक्के. गावाकडच्या रुग्णालयांत हेच प्रमाण बऱ्याच ठिकाणी चाळीसच्या आसपास. वाचून अंगावर काटा येतो. लंडनच्या इस्पितळात गेलेल्या दहांतले नऊ मेले? नाही. मृत्यू मोजले होते वर्षभराचे, आणि रुग्ण मोजले होते एका दिवशी खाटांवर असलेले. एका खाटेवर वर्षात दहा जण येऊन गेले असतील तर नव्वदाचे नऊ होतात. जिथे रुग्ण लवकर बरे होऊन घरी जातात आणि खाट पटकन रिकामी होते, ते रुग्णालय या हिशेबात जास्त खुनी ठरतं! यावरून त्या काळी वैद्यकीय नियतकालिकांत बरंच रण माजलं. बाईंचा हेतू शंभर नंबरी होता, हवा आणि स्वच्छता यांचा आग्रहही योग्य होता. पण योग्य निष्कर्षाला चुकीचा भाजक चालतो असं नाही.

इथपर्यंत आम्ही या निबंधाचे भाट आहोत. आता चिकित्सा.

आमचा पहिला आक्षेप असा की निबंध ‘कामगिरी’ हा शब्द दिलेला आहे असं धरून चालतो आणि मग तिच्या मोजमापातल्या अडचणी सांगतो. पण मुळात प्रश्न एक नाही, दोन आहेत. एक पालकाचा: माझ्या मुलीला या शाळेत घातलं तर ती कुठे पोचेल? दुसरा सरकारचा: या शाळेतले शिक्षक, त्यांच्या हाती जे आहे त्यातून, किती करताहेत? पालकाच्या प्रश्नात वर्गातले सोबती, परिसर, सगळं धरायचं असतं, कारण तिला त्या सगळ्याचा लाभ होणार. सरकारच्या प्रश्नात तेच सगळं वगळायचं असतं, कारण त्याचं श्रेय किंवा दोष शिक्षकांचा नाही. राउडेनबुश आणि विल्म्स या दोघांनी १९९५मध्ये हा भेद फार स्वच्छ मांडला होता, आणि दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे हेही. एकच यादी दोघांच्या हाती देणं म्हणजे एकाच चष्म्याने नातवाने आणि आजोबांनी पेपर वाचावा, असं म्हणणं झालं. गोल्डस्टीन–स्पीगलहाल्टर यांना हा भेद ठाऊक नव्हता असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांचा सगळा जोर पट्टा किती रुंद यावर आहे, पट्टा कशाचा यावर कमी आहे.

आपल्याकडचं विद्यापीठांचं राष्ट्रीय मानांकन घ्या, २०१६पासून दरवर्षी जाहीर होतं ते. अध्यापन आणि साधनं, संशोधन, विद्यार्थ्यांची निष्पत्ती, सर्वसमावेशकता, आणि लोकमानस अशा पाच गोष्टींना वजनं देऊन एक गुणसंख्या काढतात. सर्वसाधारण यादीत संशोधनाला तीस आणि सर्वसमावेशकतेला दहा. हे तीस आणि दहा कुठून आले? ते मोजलेले नाहीत, ठरवलेले आहेत. उद्या ते उलटे केले तर यादी उलटीपालटी होईल, आणि त्यात एकाही संस्थेत एकही गोष्ट बदललेली नसेल. यात गैर काही नाही, मूल्यं ठरवावीच लागतात. फक्त ती दशांश चिन्हाच्या मागे लपवू नयेत. दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा दिसला की माणूस गप्प बसतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लहान संस्थांच्या चंचल आकड्यांवर निबंधाने दिलेला उपाय असा, की लहान संस्थेचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढून घ्यायचा. जितकी संस्था लहान तितकी ओढ जास्त. तंत्र म्हणून हे उत्तम आहे, एकूण चुका कमी होतात, हे सिद्ध करता येतं. पण त्याच्यामागे एक गृहीतक आहे. ते असं, की ही शाळा कोण आहे याची आम्हाला वेगळी काही माहिती नाही, तेव्हा ती इतरांसारखीच असेल. आता दुर्गम भागातली एक आश्रमशाळा डोळ्यांपुढे आणा. दहावीला अठरा मुलं. तिथल्या एका वेड्या मास्तरने रात्री कंदील लावून शिकवून अठराच्या अठरा पास केली, तर सूत्र म्हणणार, नशीब असेल, थोडं खाली घ्या. आणि तिथे शिक्षक महिनोन्‌महिने फिरकलेच नाहीत आणि अठरातली दहा मुलं नापास झाली, तरीही सूत्र म्हणणार, नशीब असेल, थोडं वर घ्या. एकूण चुका कमी झाल्या, खरं आहे. पण चुका कुणाच्या वाट्याला गेल्या? ज्यांची संख्या लहान, त्यांचं भलंही बुजवलं जातं आणि त्यांच्यावरचा अन्यायही. एकूणाची बेरीज बरोबर येणं आणि प्रत्येकाला न्याय मिळणं या दोन गोष्टी आहेत. एवढी गोष्ट तत्त्वज्ञानाच्या माणसाने सांगायची नाही तर कुणी?

आणि संख्या लहान आहे, रुग्ण गंभीर होते, ही वाक्यं खरी असली तरी ती आडोसाही होऊ शकतात. इंग्लंडातच ते घडलं. ब्रिस्टॉल रॉयल इन्फर्मरीत लहान बाळांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत. स्टीफन बोल्सिन नावाच्या भूलतज्ज्ञाला तिथे फार बाळं जातात असं वाटू लागलं. त्याने स्वतः आकडे गोळा केले, वर सांगत राहिला. उत्तरं काय मिळाली असतील? आमच्याकडच्या केसेस जास्त गुंतागुंतीच्या, आकडे लहान, वाईट दिवसांची एक रांग लागली आहे. आपण आत्ता अर्धा तास जे शिकलो, नेमकं तेच! शेवटी सार्वजनिक चौकशी झाली, इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली, २००१मध्ये अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात तिथे, एखाद्या सामान्य केंद्रात गेली असती त्यापेक्षा, एक वर्षाखालची तीस ते पस्तीस बाळं जास्त गेली, असा निष्कर्ष निघाला. आणि तो निष्कर्ष ज्यांच्या सांख्यिकी कामावर उभा होता, त्यांच्यात प्रमुख कोण होते? डेव्हिड स्पीगलहाल्टर. १९९६मध्ये तुलना करताना जपून, असं सांगणारा माणूसच पाच वर्षांनी सांगत होता, इथे तुलना करायला हवी होती, आणि वेळेवर करायला हवी होती.

आम्हाला यात विसंगती दिसत नाही. उलट १९९६चा निबंध इथे पुरा होतो असं आम्ही मानतो. पुढे स्पीगलहाल्टर यांनी २००५मध्ये नरसाळ्याच्या आकाराच्या आलेखाचा आग्रह धरला. आडव्या रेषेवर संस्थेचा आकार, उभ्या रेषेवर निकाल. लहान संस्थांकडे नरसाळं रुंद, मोठ्यांकडे अरुंद. जो ठिपका नरसाळ्याच्या आत, त्याच्याबद्दल बोलू नका, त्याला नंबर देऊ नका. जो बाहेर, तिथे जाऊन बघा. जाऊन बघा एवढंच. फाशी द्या नव्हे. यात पहिला–दुसरा नाहीच.

मात्र नरसाळ्याची भिंत कुठे घालायची? समजा अशी घातली, की निर्दोष शाळांपैकी शंभरातल्या पाच चुकून बाहेर पडतील. हजार शाळा सगळ्या निर्दोष असल्या तरी पन्नास बाहेर दिसणार, त्यातल्या साधारण पंचवीस खालच्या बाजूला, आणि त्या पंचवीस मुख्याध्यापकांची झोप उडणार. भिंत लांब सरकवली तर ते वाचतील, पण एखादं ब्रिस्टॉल आत लपून राहील. बाळांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि दहावीच्या निकालासाठी भिंत एकाच जागी असावी का? आमच्या मते नसावी. पण हे ‘मते’ आहे, गणित नाही. गणित दोन्ही बाजूंची किंमत लिहून देतं. कुणाच्या झोपेपेक्षा कुणाचा जीव मोठा, हे ठरवून ते देत नाही, आणि निबंधकारांकडूनही आम्ही ती अपेक्षा करत नाही. तक्रार एवढीच, की हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो हे त्या पानांवर पुरेसं दिसत नाही.

विरोधी बाजूचा एक पुरावा सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. वेल्सने २००१मध्ये शाळांच्या याद्या जाहीर करणं थांबवलं, इंग्लंडात त्या चालू राहिल्या. सायमन बर्जेस आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या मुलांची प्रगती ताडून पाहिली, आणि याद्या बंद झाल्यावर वेल्सच्या शाळांची परिणामकारकता इंग्लंडच्या तुलनेत घसरली असं त्यांना आढळलं. वरच्या थरातल्या शाळांना फरक पडला नाही, खालच्या शाळांना पडला. म्हणजे चुकीची का होईना, कुणीतरी आपल्याकडे बघतंय ही जाणीव काम करत होती. आमच्यासारख्या यादीद्वेष्ट्यांना हे गिळायला जड जातं. पण गिळायला हवं.

तरी ती जाणीव काय काय करवते, तेही बघू. न्यूयॉर्कमध्ये याद्या जाहीर झाल्यावर बायपासमधले मृत्यू खरोखर कमी झाले. पण त्याच काळात रुग्णांच्या कागदांवर फुप्फुसाच्या जुनाट आजारासारख्या जोखमीच्या नोंदीही झपाट्याने वाढल्या, कारण रुग्ण जितका आजारी दाखवाल तितका सर्जनचा हिशेब सुधारतो. आणि फार आजारी माणसाला हातच लावायचा नाही, ही वाट होतीच.

आपल्याकडे त्या वाटेला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. (हशा.) हसू नका, आम्हालाही तिथे हसू येत नाही. आम्ही काही वर्षं एका शाळेच्या समितीवर होतो. त्या शाळेचा निकाल दोन वर्षं अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव असा अडकला होता. मग एका वर्षी नववीच्या अखेरीला गणितात कच्च्या असलेल्या सहा मुलांच्या पालकांना बोलावून समजावण्यात आलं, की पोराला दहावी बाहेरून देऊ द्या, ताण कमी होईल. बाहेरून बसलेल्यांचा निकाल मंडळ वेगळा धरतं. पुढच्या जूनमध्ये फाटकावर फलक लागला, शंभर टक्के निकाल. वार्षिक अहवालात अभिनंदनाचा ठराव होता. त्यावर आमचीही सही आहे. त्या सहांतली एक मुलगी पुढे भाजीच्या गाडीवर दिसायची, नमस्कार करायची. तिने परीक्षा दिली की नाही, हे विचारायचा धीर आम्हाला झाला नाही. तिची नोंद ना शाळेच्या निकालात आहे, ना कुठल्या पट्ट्याच्या रुंदीत. गोल्डस्टीन–स्पीगलहाल्टर जी दुरुस्ती सुचवतात ती यादीत असलेल्या मुलांची. यादीबाहेर ढकललेल्या मुलीसाठी कोणतीही दुरुस्ती चालत नाही, कारण दुरुस्त करायला तिचा आकडाच नाही. म्हणून कोकण असो वा नागपूर, आमचा पहिला प्रश्न पास किती हा नसतो. पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती होती, हा असतो.

वेळ संपत आलाय. चिठ्ठ्यांपैकी एकच घेतो. एका बाईंनी लिहिलंय: ‘सर, हे सगळं पटलं, पण नातवाला पाचवीत शाळा बदलायची आहे. यादी बघू नको, तर काय बघू?’

बाई, प्रश्न रास्त आहे. लेकी आणि गोल्डस्टीन यांनी २००९मध्ये नेमका हाच घेतला होता. तुम्ही आज बघता तो निकाल गेल्या वर्षीच्या दहावीचा. ती मुलं त्या शाळेत पाचवीला आली सहा-सात वर्षांपूर्वी. तुमचा नातू दहावीला बसणार आणखी सहा वर्षांनी. मधल्या काळात मुख्याध्यापक बदलतील, निम्मे शिक्षक निवृत्त होतील. इंग्लंडात हे अंतर साधारण सात वर्षांचं पडतं, आणि ते हिशेबात धरल्यावर जवळपास कुठलीच शाळा दुसरीपासून वेगळी काढता येत नाही, असं त्यांना दिसलं. तेव्हा यादी बघा, पण ती जुनं पत्र वाचावं तशी. मग एखाद्या साध्या दिवशी, गॅदरिंगच्या नव्हे, मधल्या सुट्टीत शाळेत जा. आणि कार्यालयात एक विचारा, या वर्षी नववीतून दहावीत किती गेले, आणि जे गेले नाहीत ते कुठे आहेत. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा.